कवठीण कुणी शिकवली?

८ फेब्रुवारी, रविवार

किन्हवलीला दाढी करायला गेलो आणि कवठीण दिसली. मोबाइलमध्ये.

मी खुर्चीत, गालाला साबण. सलूनवाला मधू ब्रश बाजूला ठेवून म्हणाला, "काका, थांबा, एक मजा दाखवतो. तुमच्या गावची हाय." गेम होता. तऱ्हेतऱ्हेची अंडी घालणारी जनावरं, ती पाळायची, फिरवायची, त्यांची अंडी गोळा करायची. त्यात ही. घोरपडीची शेपटी, घुबडाचं तोंड, पाठीवर पेंढा. उकिडव्याने चालली, थांबली, डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, अंडं घातलं. खाली नाव लिहिलेलं: कवठीण.

पुढे मान स्थिर ठेवता आली नाही. दोन ठिकाणी कापलं. तुरटी.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. भाकरी थापत होती. मागे न बघता म्हणाली, "बरी दिसते का?"

बरी दिसते का! घरात चोरी झाली तर ही विचारेल, सामान नीट बांधून नेलं का.


९ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी वनरक्षकाची झाली. सागाचा ओंडका कुठल्या वाटेने गेला ते चाकोरीवरून सांगायचो. निवृत्त झालो पण रोजनिशी सुटली नाही आणि संशयही सुटला नाही. तेव्हा हे प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतो. उद्या तक्रार करायची झाली तर कागद हवा.

कवठीण आमच्या घरची. गावच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे चढवून सोंगं नाचवायच्या उत्सवात, बाकी मुखवटे देवांचे नि राक्षसांचे, एकेका घराकडे एकेका सोंगाचा मान. आमच्याकडे ही. ना पक्षी, ना घोरपड. रानाला वणवा लागला तेव्हा सगळ्या पाखरा-जनावरांची अंडी पोटात घेऊन पळाली आणि वणवा विझल्यावर दारोदार घालत फिरली, अशी गोष्ट. अंड्याच्या जागी कवठ. सगळं सोंग उकिडव्याने, घोंगडी आणि पेंढ्याखाली. घालणारा उंच की बुटका ते कळत नाही, गुडघ्यांना मात्र चांगलं कळतं. ज्याच्या दारात कवठ ठेवलं त्याने ते पेरणीपर्यंत बियाण्याच्या कणगीत राखायचं आणि कुठे ठेवलंय ते कुणाला सांगायचं नाही. मोठं संशयी जनावर. प्रत्येक अंड्याआधी मागे वळून बघतं, कुणी टपलंय का. (सौ. म्हणते, म्हणून तर तुमाला शोभतं.)

दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून ऋतुजा नावाची मुलगी आली होती, गेम बनवणाऱ्यांकडून. गावाला विचारून बोहाडा बघितला. मग घरी आली. "काका, आमच्याकडे येऊन चाल दाखवाल?" मी सांगितलं, सोंग गावाबाहेर निघत नाही. सौ.ने तिला पोहे दिले. मुलगी गेली, विषय संपला. असं मला वाटलं.

आता तपास. मुखवट्याचा उजवा डोळा बुजलेला आहे. आजोबांच्या काळी रंगाचा लपका बसला तो कुणी काढलाच नाही. त्यामुळे घालणारा डाव्या डोळ्याने, डाव्या खांद्यावरून बघतो. गेममधल्या कवठिणीचे दोन्ही डोळे चांगले टपोरे, तरी बघते डावीकडूनच. म्हणजे शिकवणाऱ्याने मुखवटा घातलेला असणार. घातलेली माणसं किती? बाबा, मी, आणि मी तानसाला ड्यूटीवर अडकलो त्या वर्षी धाकटा भाऊ दामू. बाबा गेले. मी शिकवलं नाही. उरला कोण? यापुढे या वहीत त्याला दा. म्हणेन. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.

सौ.ला हा सगळा तर्क ऐकवला. "अवो, डावीकडनं बघते ते साऱ्या गावाला दिसतं की." तिला तपासातलं काय कळतं.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टॉपवर दा. भेटला. स्वतःहून चहा पाजला. का?

"गुडघा कसा हाय, दादा?" जाताना पुन्हा, "गुडघ्याला जप." माझ्या गुडघ्याशी याचं काय काम? फोनही नवा दिसला. नवा नसेल, कव्हर नवं असेल. तरी पाणी मुरतंय.


१८ फेब्रुवारी, बुधवार

माळ्यावरून मुखवट्याची टोपली काढली. बंदाची गाठ माझी नाही! मी मोळीची गाठ मारतो, ओढली की सुटणारी. ही साधी, दुहेरी, नाडीला मारतात तशी. बंदही आखूड बांधलेला. दा.चं डोकं माझ्यापेक्षा लहान आहे, हे मी लहानपणापासून म्हणत आलोय.

आतून वास घेतला. खोबरेल. दा. खोबरेल लावतो. (गाव लावतं. पण असो.)

सौ.ला विचारलं, "मी नसताना दामू आलता का गो घरी?"

"येतो की. त्याचं पण हेच घर नाय का?"

नाही. त्याचं घर समोर आहे, स्लॅबचं. वेगळा होऊन जमाना झाला.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

दा.च्या दारावरून उगाच फेऱ्या मारल्या. शेवटी त्याच्या बायकोने पाणी विचारलं. प्यालो नाही. नंतर तहान लागली.


३ मार्च, मंगळवार. होळी

दुपारी देवळापुढे बोहाड्याची बैठक. जगनदादा बोहाड्याचे कारभारी, त्यांचा शब्द चालतो. कवठिणीचं नाव निघालं तशी ते म्हणाले, "भाऊ, तुझा गुडघा असा. यंदा दामूला घालू दे." सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणजे आधीच ठरलेलं!

उठलो. सगळं बोललो. डावा खांदा, गाठ, खोबरेल, चहा. म्हटलं, "हा दामू चोर. कवठीण यानं बाहेर नेऊन विकली." पोरं हसली. त्यांच्या फोनमध्ये गेम आधीपासूनच आहे.

दा. उभा राहिला. तोंड उतरलेलं. "दादा, देवीपुढं सांगतो. मी कुणाला काय शिकवला नाय. मुखवट्याला हात लावला नाय."

"मग कोणी?"

त्याने माझ्या मागे बघितलं, बायका बसल्या होत्या तिकडे, आणि खाली बसला. नजर चुकवणारा माणूस मला लगेच कळतो. नोकरीच ती होती.

जगनदादा मला म्हणाले, "भावाभावात लागली तर सोंग काढणार कोण? यंदा तुमच्या घरातनं कवठीण निघाली नाय तर मान दुसऱ्या घराला जाईल. गेलेला मान परत येत नाय, भाऊ."

दर होळीला पुरणपोळी दा.कडून येते. यंदा आली नाही. सौ. जेवली नाही. विचारलं तर म्हणाली पोटात दुखतंय. मला तर भूक लागली होती, पण मीही जेवलो नाही. तिच्यासमोर एकट्याने कसं जेवायचं.


७ मार्च, शनिवार

मधूकडून गेम फोनमध्ये घालून घेतला. पुराव्यासाठी.

एक कासव आहे, अंडी घालून जे पाठ फिरवतं ते आठवणच ठेवत नाही. एक चार पायांचं, चोच बदकाची, अंगावर केस, अंडी देतं आणि पिलांना दूधही पाजतं. मधू म्हणतो हे खरंच असतं. विश्वास नाही. एक अजगर आहे, तीन तोंडांचा, प्रत्येक तोंडाला वाटतं अंडी आपलीच. मेहनत घेतलीय पोरांनी. कुणाचंही अंडं फोडता येतं, तळता येतं, दुसऱ्या खेळाडूला विकता येतं.

कवठिणीचं मात्र फुटेना. ठोकलं, आपटलं. विकायला काढलं तरी जाईना. नुसतं राखायचं. गेममध्ये पावसाळा येतो तेव्हा आपोआप उघडतं म्हणे.

सौ. मागे येऊन उभी होती. "ते नाय फुटायचं."

"तुला काय ठाऊक?"

"कवठ असं कधी फुटतं का?" आणि गेली.

दुसरं असं की गेममधल्या कवठिणीची सुरुवात साफ चुकीची. येतानाची पावलं भलतीच. पुढचं सगळं बरोबर, पार शेपटीच्या झटक्यापर्यंत, पण सुरुवात कुणीतरी मनानेच रचलीय. दा.ला ती कधी जमलीच नसणार.

जेवायला हाक मारली तरी खेळत होतो. पुराव्यासाठी.


११ मार्च, बुधवार

शहापूरच्या डॉक्टरने सांगितलं, उकिडवं बसायचं नाही. संडासालासुद्धा खुर्ची घ्या. त्याला म्हटलं मला कवठीण नाचायचीय. तो म्हणाला, कोण?

घरी येऊन पडवीत करून बघितलं. जिद्दीने. चाललो, नेहमीप्रमाणे तुळईखाली वाकलो, वळायला गेलो आणि गुडघा गेला. तिथेच बसलो. सौ. तेलाची वाटी घेऊन आली. गुडघा चोळत राहिली. डोळ्यात पाणी आलं. दुखल्यामुळे आलं असं तिला सांगितलं.

माझ्याने होणार नाही. आणि दा.ला मी देणार नाही. मग मान जाणार. बाबांच्या फोटोकडे बघवत नाही.


१५ मार्च, रविवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळपासून गेम बघत होतो. कवठीण माळावरून चाललेली. मोकळा माळ, झाड नाही, झुडूप नाही. वळायच्या आधी ती वाकते. मान आत घेऊन, पाठ दाबून, झटकन. मग वळते. दर वेळी. वर काहीच नाही, कशाला वाकते ही? मी मैदानात कधी वाकत नाही. बाबा वाकत नव्हते. दा.ही वाकला नव्हता, गावाने बघितलंय.

मग कळलं. तुळई!

पडवीची तुळई ठेंगणी आहे. तालमीला नेमक्या वळायच्या जागी ती डोक्यात बसते, म्हणून मी वाकतो. वळताना जरा उठावं लागतं, मी उंच, त्यात पाठीवर पेंढा. उभी हयात वाकत आलोय. मैदानात गेलो की नाही. म्हणजे गेमवाल्यांना ज्याने चाल दाखवली त्याने मैदानातली दाखवलेली नाही, पडवीतली दाखवलीय. या पडवीतली. दा.ने त्या एका वर्षी तालीम स्वतःच्या अंगणात केली होती, तिथे वर आभाळ.

तालमीला या घरात असतं कोण? मी. आणि

काखेत कळसा.


१७ मार्च, मंगळवार

दिवाळीनंतर सौ. सापगावला बहिणीकडे जाऊन राहिली होती. बहिणीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, सोबतीला कुणी नाही, असं सांगून.

आज न सांगता सापगावला गेलो. मेहुणीबाई अंगणात गोधडी शिवत बसलेल्या. माझ्यासमोर सुईत दोरा ओवला. चष्मा नाही. म्हटलं, "डोळे आता कसे?"

"डोळ्यांना काय झाला? हे बघा, एका झटक्यात ओवला."

चहा घेतला. काय बोललो आठवत नाही. बसमध्ये खिडकीशी बसून नुसता बाहेर बघत आलो.

चोर पकडल्यावर बरं वाटायचं. आज तसं झालं नाही. एक खोटं बोलली तर आणखी किती बोलली असेल? तानसाला होतो तेव्हा पत्रं यायची, सगळं ठीक आहे म्हणून. ते तरी खरं होतं का? मन कुठे कुठे जातं. आवरत नाही.


१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली. सौ.ने कडुनिंब गूळ हातावर ठेवला. "असे काय बघताय माझ्याकडं?"

"काय नाय."

घरच्याच माणसाकडे गस्तीच्या नजरेने बघायची वेळ आली. मला हे आवडत नाही.


२२ मार्च, रविवार

शहापूरला जातो सांगून निघालो. बसमध्ये बसलो, वळणावर उतरलो, शेतातून मागच्या बाजूने परत. तोडीच्या चोरांना असंच धरायचो. मोहाची फुलं पडलीत, पाय ठेवला तरी आवाज नाही. गोठ्याच्या कुडामागे उभा राहिलो. पडवी तिथून पूर्ण दिसते.

सौ. पडवीत. साडीचा काचा मारलेला, पाठीला माझी जुनी घोंगडी, तोंडावर मुखवटा. खाली फरशीवर सुपात कवठं.

नाचत होती.

मला हसू येईल असं वाटलं होतं. किंवा राग. कवठीण चालली, थांबली. शेपटीच्या जागी पदराचं टोक, तेही बरोबर वेळेला झटकलं. बाबा गेल्यापासून मी शेपटीचा तो झटका दुसऱ्या कुणाच्या अंगात बघितला नव्हता. माझ्या अंगातला मला कसा दिसणार? मग वळायची जागा आली.

आणि वाकली.

सौ. बुटकी आहे. तुळईवरची डबी काढायला तिला पाट लागतो, उभी राहिली तरी डोकं तुळईला लागत नाही. उकिडव्याने तर वरून माणूस जाईल एवढी जागा. तिला वाकायची गरज काहीच नाही. मी वाकतो म्हणून वाकते. तिला तो नाचच वाटतो.

कुडाला धरून उभा राहिलो. धरायला आलो होतो. पुढे पाऊल टाकवलं नाही. आल्या वाटेने मोहाखाली जाऊन बसलो आणि बसची वेळ झाल्यावर शहापूरहून आल्यासारखा घरी गेलो. तिने विचारलं, "काय आणला?" काहीच आणलं नव्हतं.


२४ मार्च, मंगळवार

बोललो. सकाळी, चहा घेताना.

"मेहुणीबाईंचे डोळे चांगले आहेत."

तिने बशी खाली ठेवली. मग, "ऋतुजाकडं गेलेले. ठाण्याला."

सगळं सांगितलं. पोहे खाताना त्या मुलीने हिला सहज विचारलं होतं, काकू, तुम्हाला येते का ही चाल? "मला कुणी विचारलाच नवता कधी. एवढी वर्षं झाली. तिनं विचारला." तेव्हापासून दोघींचं फोनवर चालू. ठाण्याला नेऊन हिला अंगाला चिकटणारे काळे कपडे घातले. वरून साडी नेसू देईनात. "सगळ्या अंगाला बोरांएवढ्या गोळ्या चिकटवल्या. म्हटलं, देवा, यांनी बघितला तर काडीमोड." भोवती कॅमेरे. ती नाचली, पडद्यावर कवठीण नाचली. पैसे घेतले नाहीत. एकच अट घातली, अंडं कुणाला फोडता येऊ नये आणि विकता येऊ नये.

"नाचायला शिकलीस कधी?"

"लग्न करून आले तेवापासनं बघते. तुमी पडवीत, मी चुलीपुढं. बघता बघता भाकरी करपायची, मग तुमी वरडायचे. का करपली ते नाय विचारला कधी." बशी पुन्हा उचलली. "मग तुमी तानसाला गेले. घरात मी एकटी. करमायचं नाय. दार लावून करायचे."

"मुखवटा घालून?"

"आदी नाय घातला. मग घातला."

बाईने मुखवटा घालायचा नाही, हे तिला मी सांगायला हवं होतं का? तिला माहीतच आहे. मी एवढंच म्हणालो, "खोटं का बोललीस सापगावचं?"

"खरा सांगितला असता तर जाऊ दिला असता?"

चहा गार झाला. मला राग आहे. खोट्याचा आहे. आणि ती माझ्यापेक्षा चांगली नाचते, त्याचाही थोडा असेल.


२६ मार्च, गुरुवार

दामूकडे गेलो. (पूर्ण नाव.) तो ओट्यावर दोर वळत होता. माफी मागायची सवय नाही. उभाच राहिलो. म्हटलं, "तू नव्हतास."

"ठाव हाय मला." दोर वळतच राहिला. "वैनीनं होळीच्या आदीच सांगितला होता. म्हणली, त्यांना मीच सांगीन, तू बोलू नको."

"मी सगळ्यांदेखत चोर म्हटलं तुला. तेव्हा तरी बोलायचंस."

"वैनीचं नाव घेतला असता तर तुला बरा वाटला असता?"

त्याच्या बायकोने पाणी आणलं. प्यालो. तांब्याभर.

दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर सगळ्या घरात उजेड होता, मीच तेवढा डोळे झाकून तपास करत होतो. तरी एक शंका आहे. यांनी अजून काय काय ठरवलंय माझ्यामागे?


२ एप्रिल, गुरुवार

जगनदादा स्वतः घरी आले. सौ.ने चहा ठेवला.

"भाऊ, काय ते सांग आता. कवठीण निघणार का? की मान दुसऱ्याला देऊ? त्या घरचे विचारून गेले."

कोण विचारून गेलं ते सांगितलं नाही. मी काढीन शोधून.

म्हटलं, "निघेल."

"घालणार कोण? तू तर बसू शकत नाय. दामूशी तू बोलत नाय."

"बोलतो आता. मुखवट्याआड कोण ते आजवर कुणी विचारलंय का, दादा? आमच्या घरातून निघेल एवढं सांगतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे. चहा संपवला. "मुखवट्यात कोण ते विचारत नाय, खरा हाय. पण बोहाड्यात बाई नाय निघाली कधी, ते पण खरा. मी फक्त बोललो." आणि उठले.

काय कळलंय त्यांना? कुणी सांगितलं? का उगाच बोलले? संध्याकाळपर्यंत हेच डोक्यात. सौ.ला विचारलं, तू कुणाला बोललीस का? ती म्हणाली, "मी नाय. तुमी बडबडला नाय म्हणजे झाला."


५ एप्रिल, रविवार

सौ.ला म्हटलं, तुझी सुरुवात चुकते. ती म्हणाली, चुकणारच. मी विचारलं का. तिने मला स्वयंपाकघराच्या दारात नेलं, चुलीपुढच्या पाटावर बसवलं. "आता बघा."

बसलो. पडवी दिसते, पण पुढचा भाग चौकटीमागे जातो. जिथून कवठीण येते तीच जागा नेमकी दिसत नाही. सुरुवात ती कधी बघूच शकली नव्हती. नुसता पायांचा आवाज ऐकून मनाने रचली होती.

पाटावरून उठायला जमेना. तिने हात दिला.

मग येतानाची पावलं शिकवली. उभ्याने, हाताने दाखवून. बाबांनी मला दाखवली होती तशी. लवकर उचलली तिने. पुढे वळायची जागा आली, ती वाकली. तोंडावर आलं होतं माझ्या, की हे काढ, हे नाचात नाही, ही नुसती आपली तुळई आहे.

नाही बोललो.


९ एप्रिल, गुरुवार

दामू रोज येतो. पडवीत दोघं कुजबुजतात. मी गेलो की कवठांचे भाव काढतात. मला सांगत नाहीत. यंदा पुरणपोळी उशिरा का होईना आली. होळी गेली तरी दामूच्या बायकोने केली.

गावातही काहीतरी शिजतंय. देवळापाशी मी गेलो की माणसं गप्प होतात. का मलाच तसं वाटतं.


११ एप्रिल, शनिवार

आज बोहाडा. दुपार कलली. मैदान झाडून पाणी मारून झालंय. ढोल उन्हात ठेवलेत, मधून कुणी थाप मारून बघतं.

दामू सकाळीच न्हाऊन आला, सोंगाखाली घालायचे जुने कपडे घालून. सौ.ही न्हाऊन तयार, काचा मारलेला. दोघं टोपली भरतायत. देवळामागच्या खोपीत मुखवटा चढवतात, तिथे दोघंही जाणार. बाईने पेंढा नि टोपली पोचवायला हरकत नसते. मुखवटा चढवून एकजण बाहेर येईल, दुसरा सोंग संपेपर्यंत आत बसून राहील.

विचारलं, "घालणार कोण?"

सौ. म्हणाली, "तुमी नका विचारू. कुणी विचारला तर तुमच्या तोंडावर दिसल."

दामू पेंढ्यात बघत हसला. मी चिडलो. घर माझं, मान माझ्या बापाचा, आणि मलाच ठाऊक नाही! पण खरं आहे, दिसेल माझ्या तोंडावर. जगनदादा तिथेच बसणार, समोर. उघड झालं तर आज सगळ्यांदेखत मान जाईल आणि सौ.ची शोभा होईल ती वेगळी. भीती वाटते. तिच्यासाठी वाटते. ती मात्र कवठं पुसत बसलीय.

मघाशी एकदा करून दाखवलं तिने, मुखवटा न घालता. मी चुलीपुढच्या पाटावर. सुरुवात मला दिसली नाही, पावलं ऐकली. बरोबर होती. मग चौकटीतून पुढे आली. तुळईखाली वाकली. वळली, डाव्या खांद्यावरून बघितलं. तिचे दोन्ही डोळे उघडे, तरी डावीकडूनच. पुढे आली आणि एक कवठ माझ्या पायाशी ठेवलं.

"राखा," म्हणाली.

कणगीत ठेवलंय. कुठल्या, ते इथेही लिहीत नाही.

मी ढोलांपाशी बसणार आहे. तिथून मैदानातली वळायची जागा समोर येते. मैदानात तुळई नाही. दामू असेल तर सरळ वळेल. ती असेल तर वाकेल, मोकळ्या आभाळाखाली. मला कळेल. पोरांनी गेम बघितलाय, त्यांना वाटेल असंच असतं. पण जगनदादांनी बाबांची कवठीण बघितलीय, माझी बघितलीय. त्यांच्या नजरेतून सुटेल का?

अजून वेळ आहे. खोपीपर्यंत चालत जाताना तिच्या कानात सांगता येईल, वाकू नकोस.

टोपली उचलली त्यांनी. हाक मारतायत. चप्पल कुठे गेली माझी.